‘माकलं’ म्हणजे काय? : देवळाबाहेरच्या चपलांच्या आधारे एक टाचण

मराठी माणूस देवाकडे माफी मागतो तेव्हा दोन क्रियापदं वापरतो. ‘देवा, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे.’ कोकणात गाऱ्हाणं घालणारा हेच जरा लांबवून म्हणतो आणि भोवतालचे पाचपंचवीस जण ‘व्हय महाराजा’ म्हणत त्यावर सामुदायिक शिक्का मारतात. यातलं ‘चुकलं’ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नैवेद्याची खीर करपली, आरतीचं एक कडवं गळालं, एकवीस म्हणून वाहिलेल्या दुर्वा एकोणीसच निघाल्या, हे चुकलं. पण मग ‘माकलं’ म्हणजे काय?

व्याकरण जाणणारे सांगतात की यात काही नाही, हा नुसता जोडशब्द. जेवणबिवण, भाजीबिजी, तसं चुकलंमाकलं. प्रस्तुत अभ्यासकाला हे मान्य नाही. त्या नियमानं ‘चुकलंबिकलं’ व्हायला हवं, आणि तेही आपण म्हणतोच. मग माकलं आणखी कशाला? शिवाय हे क्रियापद एकटं कधी कुणाला भेटलेलं नाही. ‘काल ऑफिसात जरा माकलो’ असं कोणी सांगत नाही. आगंतुक जसा वऱ्हाडाबरोबर मांडवात शिरून थेट पंगतीला बसतो, तसं ते चुकलंच्या पाठोपाठ देवळात शिरतं. आमचा सिद्धान्त असा : नकळत झालं ते चुकलं, आणि चांगलं कळत असताना केलं ते माकलं. दोघं एकाच तिकिटावर प्रवास करतात.

सिद्धान्ताला पुरावा हवा. मोठी पापं अभ्यासाला गैरसोयीची असतात. ती करणारे मुलाखती देत नाहीत आणि दिल्याच तर मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या वेळी देतात, तेव्हा मधे विचारता येत नाही. म्हणून आम्ही लहान, फुकट आणि सर्वत्र उपलब्ध असा नमुना घेतला : देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपला. भाविक जातात तिथं चपला असतात, आणि चपला असतात तिथून त्या जातात.

प्रथम इतिहास. पादत्राण जगात आलं कसं, याची कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. श्राद्धात छत्री आणि जोडे दान का देतात, असं युधिष्ठिर विचारतो आणि भीष्म शरशय्येवरून त्याला उत्तर देतो. (इतके बाण टोचलेले असताना चपलांविषयी बोलता येणं, याला आम्ही विद्वत्ता म्हणतो.) जमदग्नी ऋषी मौजेखातर बाण सोडत होते आणि रेणुका ते धावत जाऊन परत आणून देत होती. ज्येष्ठातली दुपार. तिचं डोकं तापलं, पाय पोळले, ती घटकाभर झाडाच्या सावलीत थांबली, उशीर झाला. कारण कळल्यावर जमदग्नींनी सूर्यावरच बाण रोखला. सूर्य ब्राह्मणाच्या वेषात येऊन शरण गेला आणि छत्री व जोडे देऊन सुटला.

या कथेकडे माफीशास्त्राच्या अंगानं कुणी पाहिलेलं दिसत नाही. एक, सूर्यानं नुसती क्षमा मागितली नाही, नुकसानभरपाई वस्तुरूपात दिली. दोन, आणि हे आमच्या कामाचं, ती त्यानं दिली जमदग्नींना. पाय पोळले होते रेणुकेचे, पण धनुष्य होतं जमदग्नींच्या हातात. ज्याचे पाय भाजले त्याच्याकडे न जाता ज्याच्या हाती बाण आहे त्याच्याकडे जाऊन माफी मागायची, ही प्रथा चपलेइतकीच जुनी ठरते. दुपारी कामाला जुंपल्याबद्दल खुद्द जमदग्नींनी काही दिलगिरी व्यक्त केली का, यावर भीष्म गप्प आहे. आज माहूरगडावर त्याच रेणुकेच्या दर्शनाला माणसं पायऱ्या चढून जातात आणि जिच्यामुळे जगाला जोडे मिळाले तिच्या दारात जोडे काढून ठेवतात.

दुसऱ्याची पादत्राणं घेऊन जाण्याचं सर्वांत प्रतिष्ठित उदाहरण भरताचं. तो चित्रकूटहून रामाच्या पादुका डोक्यावर घेऊन निघाला आणि नंदिग्रामात त्यांच्या नावे राज्य चालवलं. पुढं राम चौदा वर्षं अनवाणी हिंडला असेल, अशी हळहळ कीर्तनात ऐकू येते. पण वाल्मीकींच्या त्या पादुका सोन्यानं मढवलेल्या आहेत. वल्कलं नेसून हिंडणाऱ्याच्या पायात सोन्याच्या पादुका कुठून येणार? भरतानंच त्या बरोबर आणल्या असणार, रामानं त्यावर पाय ठेवून परत दिल्या असणार. म्हणजे हा अपहार नव्हे. स्वतःच घेऊन यायच्या आणि स्वतःच परत घेऊन जायच्या, इतका साधा व्यवहार देवळाबाहेर आजतागायत कुणाला धड जमलेला नाही.

आता वर्तमान. देवळाच्या दारात दोन पाट्या असतात. एकीवर ‘देव सर्वत्र आहे’ किंवा त्या अर्थाचं काही, आणि तिच्या खाली जरा ठळक अक्षरात ‘आपल्या पादत्राणांची जबाबदारी आपली’. चराचराचा भार वाहणाऱ्यानं चपला तेवढ्या वगळल्या, हे विश्वस्तांना कुठून कळलं असेल ते असो. भक्तांनी मात्र ते मनावर घेतलं आहे. चपलांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात ज्या पद्धती रूढ आहेत त्यांत सर्वांत शास्त्रशुद्ध ‘विभक्त पद्धत’ : डावी चप्पल पिंपळाच्या पारापाशी, उजवी थेट त्या टोकाला सायकलींच्या मागे. चोराला जोड हवा असतो, एकटी चप्पल त्याच्या उपयोगाची नाही, हे त्यामागचं तत्त्व. दुसरी ‘हारवाला पद्धत’ : ‘इथंच ठेवा साहेब, बिनधास्त जा,’ असं म्हणणाऱ्याकडून वीसचा हार पन्नासला घ्यायचा, म्हणजे तीस रुपये हे चपलांचं भाडं आणि हारावर देवाचा हक्क वीसपुरताच. तिसरी ‘आळीपाळीची पद्धत’ : ‘तू आधी जाऊन ये, मी इथं थांबतो.’ लग्नगाठ ज्याच्या साक्षीनं बांधली त्याला हे जोडपं त्यानंतर कधीही जोडीनं दिसलेलं नसतं. हल्ली पिशवी पद्धतही आहे. तीत चपला कापडी पिशवीत घालून काखेत मारून सरळ गाभाऱ्यापर्यंत नेतात. देवाला पिशवीच्या आतलं दिसत नाही, या गृहीतकावर ती उभी आहे, आणि ती वापरणारा मनुष्य हात जोडून देवाला अंतर्यामी म्हणत असतो.

यात एक गंमत पाहावी. देवळात आलेले सगळे भाविक आहेत, असं प्रत्येक भाविक मानतो. आणि बाहेर चपला राहणार नाहीत, असंही प्रत्येक भाविक मानतो. सिनेमागृहाच्या दारात आपण एवढी काळजी करत नाही. (तिथं चपला काढत नाहीत, ही हरकत आमच्या लक्षात आहे. ती फेटाळण्यात येत आहे.)

चपला नेणाऱ्यांचे वर्ग पाडायचे तर सरळ चोर आधी बाजूला काढावा. तो व्यावसायिक आहे, दर्शन घेत नाही, माफी मागत नाही, त्याच्याविषयी आम्हांला काहीसा आदरच वाटतो. उरले दोन. एक चुकलेला : रंग तोच, नंबर तोच, आरतीनंतरची घाई, पाय सरकवले आणि निघाला. दुसरा माकलेला : त्याला पहिल्या पावलालाच कळतं. परक्या चपलेत पाऊल पडलं की अंगठ्याला आधी कळतं, मग टाचेला. दुसऱ्याच्या पायानं केलेला खळगा आपल्या पायाला बसत नाही. पण हा जोड आपल्यापेक्षा नवा आहे हेही त्याच क्षणी कळतं, आणि मनुष्य पुढचं पाऊल टाकतो. चुकलं आणि माकलं यांतलं अंतर एका पावलाचं आहे, असं आमचं मोजमाप सांगतं.

कायद्याला हे अंतर ठाऊक होतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दुसऱ्याची वस्तू प्रामाणिकपणे आपली समजून नेणं ही चोरी नव्हती. पण चूक ध्यानात आल्यावरही ती आपल्याकडेच ठेवली तर तो अपहार होता. त्याच संहितेचं पंच्याण्णवावं कलम आणखी उदार होतं : इजा इतकी क्षुल्लक असेल की साधारण समजुतीचा आणि स्वभावाचा मनुष्य तक्रारच करणार नाही, तर तो गुन्हाच नव्हे. वैशाखात भर बाराला फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या मनुष्याचा स्वभाव त्या घटकेला साधारण असतो का, हा प्रश्न मसुदा करणाऱ्या साहेबाला सुचला नसावा. त्याच्या पायात बूट होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तीत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केलेल्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा सामाजिक सेवेची. म्हणजे कायदासुद्धा माल आधी परत मागतो.

धर्मशास्त्रही मागतं, हे फारसं सांगितलं जात नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अल्प किमतीच्या वस्तू चोरणाऱ्याला सांतपन कृच्छ्र सांगितलं आहे : एक दिवस गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप आणि दर्भाचं पाणी, त्यावर अहोरात्र उपवास. पण ते वस्तू परत केल्यावर, आधी नाही. इस्लाममध्ये माणसांच्या हक्कांचा हिशेब वेगळा ठेवलेला आहे. ज्याचं देणं लागतो त्यानं सोडल्याशिवाय अल्लाही ते खातं बंद करत नाही. गोव्यातल्या चर्चमध्ये पाद्र्यापुढे गुडघे टेकून चोरी कबूल केली तर पापमुक्ती मिळते, पण माल परत करण्याचं बंधन डोक्यावर राहतंच. जैनांनी तर कमाल केली. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायचं ते थेट माणसाला, त्याच्या तोंडावर. (आता तो मजकूर व्हॉट्सअॅपवर एका दमात अडीचशे जणांना जातो आणि ज्याच्याशी भिंतीवरून वाद चालू आहे तो शेजारी नेमका त्या यादीत नसतो, पण हा दोष शास्त्राचा नव्हे.) इतक्या धर्मांचं इतकं एकमत आम्हांला दुसऱ्या कुठल्याही मुद्द्यावर आढळलं नाही. आणि चपला देवळाबाहेरून जातात, तशाच मशिदीच्या पायरीवरूनही जातात.

मग ही सगळी शास्त्रं ओलांडून माकलं सुटतं कसं? त्याला मदत करते ती शनिवारची उपपत्ती. शनिवारी देवळाबाहेरून चपला गेल्या तर पनवती गेली, असं आपल्याकडे मानतात. साडेसातीचा उरलेला भाग चोराच्या पायाबरोबर जातो. त्यामुळे अनवाणी माणूस घरी आला की त्याचं सांत्वन होत नाही, अभिनंदन होतं. ‘शनिवार ना? मग बरंच झालं की!’ नेणाऱ्याची तर आणखीच सोय : त्यानं चोरी केली नाही, दुसऱ्याची पीडा स्वतःच्या पायावर घेतली. परोपकाराची इतकी हलकी आणि रबरी तळाची संधी दुसरी नाही. खुद्द शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे. २०११ मध्ये तिथं एका राष्ट्रीयीकृत बँकेनं बिनकुलपाची शाखा उघडली. तिथं शनीची भीती तिजोरी राखते. इतर गावी त्याच शनीच्या नावानं चपला जातात. एकच देव दोन्ही बाजूंनी कसा वापरता येतो, ते आपल्याकडून शिकावं.

इथं टाचण जरा बाजूला ठेवतो. चपला बाहेर ठेवायच्या या नियमाची टेहळणी करताना आमच्या लक्षात आलं की देवळाबाहेर फक्त चपलाच ठेवल्या जात नव्हत्या. ज्या कातड्याची चप्पल, ते कमावणारा आणि ती शिवणाराही बाहेरच होता. पंढरपूरला महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर अस्पृश्य म्हणून बाहेरच राहिलेल्या संत चोखोबाची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तो गेला आणि नामदेवांनी त्याच्या अस्थी तिथं आणल्या, असं सांगतात. जिवंतपणी जिथवर येता आलं तिथवरच मेल्यावरही. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढं वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. आत रोज क्षमापनाचे मंत्र म्हटले जात असणारच. पूजेच्या शेवटी ते ओघानं येतात. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांसाठी उघडलं. त्या वेळी काही सनातन्यांनी म्हणे मूर्तीतलं तेज मंत्रानं पाण्याच्या घागरीत काढून ठेवलं. चिंता होती ती देवाच्या शुद्धीची. सहाशे वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या पायांचा विषय कुणाच्या संकल्पात आला नाही. आमच्या सिद्धान्ताच्या भाषेत हे चुकलं की माकलं, ते आम्ही लिहीत नाही. प्रत्येकानं आपल्या आजोबांच्या गावात जाऊन विचारावं.

शास्त्रात अभ्यासकानं स्वतःला नमुना म्हणून वापरू नये, असा संकेत आहे. तो मोडतो.

गेल्या वर्षी एका गुरुवारी प्रस्तुत अभ्यासक एका दत्ताच्या देवळात गेला होता. दिवाळीत घेतलेल्या तपकिरी चपला, आठ नंबर, पाराच्या कडेला एकत्र ठेवलेल्या. विभक्त पद्धतीचा त्या दिवशी कंटाळा केला. आरती झाली, बाहेर आलो, तर जागा रिकामी. समोर उरलेले तीन-चार जोड. इथं तर्कशास्त्र स्पष्ट आहे. माझ्या चपला ज्यानं नेल्या त्यानं आपल्या मागं ठेवल्या असणार, आणि ज्या मागं ठेवल्या त्या सर्वांत जुन्या असणार. तसा जोड तिथं होताही : अंगठा तुटून तारेनं बांधलेला, टाच एका बाजूनं झिजून तिरकी झालेली. मी त्याच्या शेजारचा जोड घातला.

पहिल्या पावलाला कळलं. वर लिहिलं आहे ते सगळं त्या पावलाचं निरीक्षण आहे.

घरी येऊन दिव्याखाली पाहिलं. काळ्या चपला, साध्या, पण जपलेल्या. उजवीची टाच मोच्याकडून पांढऱ्या दोऱ्यानं नीट शिवून घेतलेली, आणि आत पावलाचा काळसर ठसा, त्यात करंगळीची खूण नव्हती. करंगळी आखूड असेल किंवा नसेलच. रात्री झोपताना देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो आणि नेहमीचं वाक्य म्हणालो, चुकलंमाकलं असेल तर. माफी मिळाली असणार. झोप छान लागली. त्या वाक्याची उपयुक्तता मला तेव्हा प्रथम समजली. त्यात ‘असेल तर’ आहे. काय केलं ते सांगावं लागत नाही, कुणाचं केलं ते तर नाहीच.

तरी तो करंगळी नसलेला ठसा कपाटाखालून आठवडाभर दिसत राहिला. पुढच्या गुरुवारी नव्या सँडल घातल्या, काळा जोड वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला आणि निघालो. देवळाबाहेर चपला सांभाळायला एक मावशी बसतात. गर्दी नव्हती. पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

‘ह्या कुणाच्या?’

काय म्हणायचं ते मी वाटेत तीनदा घोकलं होतं. मावशी, मागच्या गुरुवारी मी ह्या नेल्या होत्या. एवढंच. दत्तापुढे जे विनासायास निघालं असतं ते सत्तरीच्या बाईपुढे निघेना.

‘काय कल्पना नाही,’ मी म्हणालो. ‘तिकडं नळापाशी पडल्या होत्या.’

मावशींनी कागद सोडला. उजवी हातात घेऊन उलटी केली, दोरा पाहिला. ‘अगो बाई, ह्या त्या काकांच्या. त्या दिवशी अनवाणी गेले बिचारे. दोनदा विचारून गेले. म्हटलं, आता कसल्या मिळतायत.’ चपला त्यांनी पदरानं पुसल्या आणि आपल्या पाटाखाली सरकवल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय हो सगळं. दत्तगुरू भलं करतील तुमचं.’

मी मान लववली. आशीर्वाद नाकारायचा कसा, याचं शास्त्र मला येत नाही.

सँडल काढल्या. समोरच्या फळीवर पत्र्याचे बिल्ले टांगलेले होते, त्यातल्या एकासाठी हात पुढे केला.

‘तुम्हाला कशाला बिल्ला?’ मावशी म्हणाल्या, आणि माझ्या सँडल उचलून आतल्या कप्प्यात, काकांच्या चपलांशेजारी ठेवल्या.